बॅटरी खरंच ‘गेली’ आहे का? नवी घेण्याआधी करा या ३ तपासण्या

पावसाळ्यात लोणावळा-मावळात झाड तारेवर पडलं, की वीज कधी येईल याचा नेम नसतो. अशा वेळी इन्व्हर्टर दहा मिनिटांत बंद पडला, तर पहिला सल्ला मिळतो, ‘बॅटरी गेली, बदला.’ नवी ट्युब्युलर बॅटरी म्हणजे पाच आकडी खर्च. त्याआधी जुनीची नीट तपासणी करा.

१. व्होल्टेज किती?
बॅटरी पूर्ण चार्ज करा, इन्व्हर्टरपासून सोडवा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी मल्टिमीटरवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले तर चार्ज पूर्ण. १२.२ म्हणजे साधारण निम्मा, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. चार्जिंग थांबवल्याबरोबरचा आकडा फसवा असतो, कारण तो काही काळ चढाच राहतो.

२. ग्रॅव्हिटी काय सांगते?
१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. झाकणं उघडून हायड्रोमीटरने प्रत्येकातल्या अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी मोजा. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत ती कंपनीनुसार १.२४० ते १.२८० असते. पाच सेल सारखे आणि एकच ०.०५० किंवा त्याहून जास्त खाली असेल, तर तो सेल खराब झाल्याची शक्यता मोठी. पाणी कमी असेल तर आधी डिस्टिल्ड वॉटर घालून चार्ज करा, मगच मोजा. सीलबंद बॅटरीत ही तपासणी होत नाही.

३. लोडवर किती टिकते?
ही खरी परीक्षा. व्होल्टेज चांगलं दिसूनही क्षमता संपलेली असू शकते. मेन सप्लाय बंद करून ठरावीक लोड द्या आणि वेळ मोजा. १५० अँपिअर-तासांची नवी बॅटरी २०० वॉटवर ढोबळमानाने पाच-सहा तास चालते. दोन-अडीच तासांतच थांबली, तर निम्म्याहून अधिक क्षमता गेली.

बंद बंगल्यातली बॅटरी लवकर का जाते?
अनेक जण बंगल्याला कुलूप लावताना मेन स्विच बंद करतात, पण इन्व्हर्टर चालूच राहतो. त्याला वाटतं, वीज गेली. बॅटरी हळूहळू रिकामी होते आणि तशीच पडून राहिल्यास प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात. मग ती पूर्ण चार्ज घेत नाही. म्हणून जाताना बॅटरी भरून ठेवा, इन्व्हर्टर बंद करा, निगेटिव्ह वायर काढा आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करा.

हे विसरू नका
• चार्जिंगमध्ये हायड्रोजन वायू निघतो. खिडक्या उघड्या ठेवा, ठिणगी टाळा.
• चष्मा व रबरी हातमोजे घाला, अंगठी-कडं काढा. अ‍ॅसिड उडाल्यास भरपूर पाण्याने धुवा, डोळ्यांत गेल्यास लगेच डॉक्टरकडे जा.
• नळाचं पाणी किंवा अ‍ॅसिड घालू नका.
• जुनी बॅटरी फोडू नका, दुकानात परत द्या. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.