मरणघडीचे सोबती

कॅथलिक घरात संध्याकाळी जपमाळ हाती घेतली, की एका फेरीत 'नमो मरिया' ही प्रार्थना ५३ वेळा म्हटली जाते. तिच्या शेवटी मरियेची मध्यस्थी दोनच वेळांसाठी मागितलेली असते, आताच्या आणि मरणाच्या. चाळीस वर्षे रोज एक माळ म्हणणाऱ्याने आपल्या मरणघडीची आठवण पावणेआठ लाख वेळा काढलेली असते. निवृत्त झाल्यावर मरणाऱ्या परक्यांच्या उशाशी जाऊन बसणाऱ्या कॅथलिक स्वयंसेवकांचा विचार मी या हिशेबापासून सुरू करतो. ज्या वेळेला बाकीचे आपण बिचकतो, तिचे नाव यांच्या तोंडी लहानपणापासून असते.

मरणाच्या दारी फादर हवेत, बाकीच्यांचे काय काम, असा एक समज आहे. संस्कारांपुरता तो खरा. पापनिवेदन ऐकणे आणि आजाऱ्याला पवित्र तेल लावणे हा अधिकार धर्मगुरूंचाच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) एवढे केले, की हे तेल शेवटच्या श्वासासाठी राखून न ठेवता गंभीर आजारातच लावावे, असे सांगितले. १९७३ साली रोमने, त्यासाठी नेमणूक झालेल्या प्रापंचिकांना ख्रिस्तप्रसाद वाटण्याची, आजाऱ्यांपर्यंत नेण्याची वाट मोकळी केली. तेव्हापासून निवृत्त शिक्षक, कारकून, परिचारिका गळ्यातल्या छोट्या डबीत तो प्रसाद घेऊन जिने चढू लागले. फादर येतात, तेल लावतात, प्रार्थना म्हणतात. त्यांना पुढचे घर गाठायचे असते. उरलेला दिवस आणि सगळी रात्र रुग्णाला एकट्याने काढायची असते.

ही उणीव फार पूर्वीच ओळखली होती ती प्रापंचिक बायकांनी, हे मला फार मोलाचे वाटते. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जान गार्निए या तरुण विधवेने नवरा आणि दोन्ही मुले गमावली होती. १८४२ साली तिने आपल्यासारख्याच विधवांना जमवून, कोणी थारा देत नव्हते अशा असाध्य रोगी स्त्रियांची सेवा सुरू केली. या बायकांनी संन्यासिनींची व्रते घेतली नव्हती. पुढे आयर्लंडच्या सिस्टर्स ऑफ चॅरिटी यांनी १८७९ मध्ये डब्लिनला आणि १९०५ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात मरणासन्नांसाठी घरे उघडली. हॅकनीच्या सेंट जोसेफ्समध्येच १९५८ पासून सिसिली साँडर्स ही अँग्लिकन डॉक्टर काम करत होती. दुखण्याने कळवळण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी मॉर्फिन द्यायचे, ही पद्धत तिने तिथे बसवली. शरीराचे, मनाचे, घरच्या काळजीचे आणि आत्म्याचे दुखणे वेगवेगळे करता येत नाही, हे तिने रुग्णांकडून ऐकून मांडले. १९६७ साली तिने सेंट ख्रिस्तोफर्स हा मरणासन्नांसाठीचा हॉस्पिस उभारला आणि स्वयंसेवकांना तिथे पहिल्यापासून जागा दिली.

मुंबईत हे काम १९८६ साली आले. टाटा रुग्णालयातले कर्करोगशल्यविशारद डॉ. लुईस जोस डिसोझा यांनी वांद्र्याच्या माउंट मेरी टेकडीवर 'शांती अवेदना सदन' सुरू केले. भारतातला हा पहिला हॉस्पिस. बरे होण्यापलीकडे गेलेल्या कर्करुग्णांना तिथे जातधर्म न विचारता, पैसे न घेता ठेवून घेतात. टाटा रुग्णालयाबाहेर परळच्या फुटपाथवर गाठोडी टाकून उपचारांची वाट पाहणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना 'पैसे न घेता' या शब्दांचे वजन सांगायला नको.

अशा खाटेपाशी बसणे दिसते तितके सोपे नाही. उभ्याने बोलायचे नाही. खुर्ची ओढून डोळ्यांना डोळे भिडतील असे बसायचे. 'बऱ्या व्हाल हो' म्हणायचे नाही. नर्सला विचारल्याशिवाय पाण्याचा घोट द्यायचा नाही, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करायचे. बेशुद्ध दिसणाऱ्यालाही ऐकू येत असेल असे धरून, त्याच्यासमोर त्याच्याविषयी कुजबुजायचे नाही.

मुंबईतल्या एका वॉर्डात मी एक निवृत्त शिक्षिका पाहिली, ईस्ट इंडियन या कॅथलिक समाजातली, घरात मराठीच बोलणारी. समोर यवतमाळकडची बाई होती.

"मावशी, कापूस निघाला का घरचा?"

"पहिली वेचनी झाली म्हणे. पोरगा फोनवर सांगत होता."

मग बराच वेळ कापसाचा भाव, सुनेचे माहेर, विहिरीचे पाणी. मध्येच बाई म्हणाली, "मी गेल्यावर तो बैल विकन." शिक्षिकेने विषय बदलला नाही. "कोणता बैल? नाव काय त्याचं?" एवढेच विचारले. बाई रडली, मग बैलाविषयी बोलत राहिली. उठताना शिक्षिकेने विचारले, "विठ्ठलाचा अभंग लावू का मोबाईलवर?" बाईने मान हलवली. शिक्षिकेची स्वतःची जपमाळ पर्समध्येच राहिली.

या संयमाला मी मोठी साधना मानतो. मरणाऱ्याची अगतिकता ही धर्म पटवून देण्याची संधी समजणारा माणूस या कामाला नालायक ठरतो. श्रद्धावंत स्वयंसेवक आपली प्रार्थना घरी जाऊन करतो.

निवृत्तांना हे जमते, कारण त्यांच्याकडे वेळ असतो आणि बहुतेकांनी आईवडील, कुणी जोडीदारही डोळ्यांदेखत गमावलेला असतो. पण त्यांचे गुडघे दुखतात, कमी दिसते, रात्री लोकलने एकटे परतणे झेपत नाही. भेटी त्यामुळे दुपारी चार ते सहाच्या होतात. भीती मात्र रात्री दोननंतर वाढते, हे रात्रपाळीच्या परिचारिका सांगतात. वाड्यावाड्यांतल्या आणि सोसायट्यांतल्या, गाडी चालवू शकणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसांनी महिन्यातली एक रात्र दिली आणि या अनुभवी ज्येष्ठांकडून शिकून घेतले, तर हे तास भरून काढता येतील. कॅथलिक धर्मग्रामांनी आणि इतर धर्मीयांच्या मंडळांनीही त्या रात्रींच्या याद्या आता करायला घ्याव्यात.