रेकॉर्डचा प्रवास सुखरूप व्हावा म्हणून

ग्रामोफोन कधीच मोडीत निघाला, पण आजोबांनी हौसेने जमवलेल्या रेकॉर्ड्स अजून माळ्यावर आहेत, अशी घरे पुण्यात आहेत तशी इंदूर-बडोद्यातही आहेत. घर आवरताना त्या परगावच्या भावाकडे किंवा एखाद्या संग्राहकाकडे पाठवायचे ठरते. मिळेल त्या खोक्यात त्या भरल्या जातात आणि पोहोचतात ते तुकडे! सगळीच जुनी ध्वनिमुद्रणे कॅसेट वा सीडीवर आलेली नाहीत. तीच रेकॉर्ड दुसऱ्या कुणाकडे असेलच, असेही नाही. अशी एखादी तबकडी फुटली, तर तो आवाजही कायमचा जाऊ शकतो.

आधी जात ओळखा

लेबलवर ७८ हा आकडा असेल, तबकडी जड व ताठ असेल, तर ती बहुधा लाखेची. ती काचेसारखी फुटते. १९४८ साली आलेली लाँग प्ले रेकॉर्ड व्हिनाइलची. ती सहसा फुटत नाही, पण दाबाने व उष्णतेने वाकते. ओळख पटवण्यासाठी तबकडी वाकवून मात्र पाहू नका.

लाँग प्लेसाठी

रेकॉर्ड आतल्या कागदी पाकिटासह कव्हरमधून बाहेर काढा आणि कव्हरच्या मागे ठेवा. ती कव्हरमध्येच राहिली, तर धक्क्यासरशी तिची कड कव्हरची शिवण फाडते. दोन्ही मिळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला; पावसाळ्यात हे हवेच. दोन्ही बाजूंना कव्हरपेक्षा थोडे मोठे जाड पुठ्ठे लावा. एका पुठ्ठ्याच्या नाळ्या उभ्या, तर दुसऱ्याच्या आडव्या ठेवा, म्हणजे जोडी सहजी वाकत नाही. चिकटपट्टी पुठ्ठ्यालाच लावा, कव्हरला नको.

लाखेच्या तबकडीसाठी

प्रत्येक तबकडी स्वतंत्र पाकिटात घाला आणि दोन तबकड्यांमध्ये पुठ्ठा ठेवा. एका खोक्यात आठ-दहांहून अधिक नकोत. गठ्ठा हलणार नाही असा बांधा, फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि घट्ट बसेल अशा खोक्यात ठेवा. हे खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवून सर्व बाजूंनी किमान दोन इंच जागा चुरगाळलेल्या कागदाने ठासून भरा. बाहेरचा धक्का हा कागद सोसतो.

बंद करण्यापूर्वी

खोके हलक्या हाताने हलवून पाहा. आत काही सरकल्याचा आवाज आला, तर पुन्हा उघडा. बहुतेक नुकसान होते ते आतल्या मोकळ्या जागेमुळे. प्रत्येक रेकॉर्डचे छायाचित्र काढून ठेवा, आत पत्त्याची एक चिठ्ठी टाका आणि जमल्यास पार्सलचा विमा उतरवा. ‘नाजूक वस्तू’ असे ठळक लिहा, पण त्या दोन शब्दांवर विसंबू नका. पार्सल एकदा तरी पडणारच, असे धरूनच बांधणी करा.

व्हिनाइल साधारण ६० अंश सेल्सियसला मऊ पडू लागते. म्हणून ऐन उन्हाळ्यात पाठवणे टाळा आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पार्सल ठेवू नका.

पार्सल घेणाऱ्यालाही आधी फोन करून सांगा: खोके उघडताना सुरी खोल घालू नका. शेकडो मैल सुखरूप आलेल्या रेकॉर्डवर घरच्याच सुरीचा ओरखडा उठायला नको!