आकाशांतून उतरणारे शत्रु आणि त्यांचा निर्माता

आज ज्या गृहस्थांची ओळख मी आपणांस करून देणार आहें, त्यांचें नांव आपल्यापैकीं फारच थोड्यांच्या कानांवरून गेलें असेल. परंतु त्यांनीं निर्मिलेलें चित्र मात्र आपण कोठें ना कोठें पाहिलेलें आहे. काळा पडदा, त्यावर पांच ओळींत मांडलेल्या चिमुकल्या आकृति, कोणी खेंकड्यासारखी, कोणी माकुळासारखी, कोणी अष्टपादासारखी, आणि तळाशीं डावीकडे-उजवीकडे सरकणारी एकच एक तोफ. या खेळाचें नांव 'स्पेस इन्व्हेडर्स', म्हणजे अंतराळांतील आक्रमक. तो सन १९७८ मध्यें जपानांत प्रथम लोकांपुढें आला, आणि त्याचे कर्ते तोमोहिरो निशिकाडो.

एक करमणुकीचा खेळ व त्याचा कर्ता यांची कथा सांगण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी करील. प्रयोजन आहे. साधन तोकडें असतां त्यांतूनच नवें कांहीं कसें निपजतें, आणि लाखो लोकांना जें ठाऊक होतें त्याचा कर्ता कित्येक वर्षें अंधारांत कसा राहूं शकतो, या दोन्ही गोष्टी त्या कथेंत आहेत.

निशिकाडो यांचा जन्म सन १९४४ मध्यें ओसाका प्रांतांत झाला. टोकियो डेन्की विद्यापीठांतून ते १९६७ सालीं पदवीधर झाले, आणि थोड्याच काळांत 'तैतो' या कंपनीच्या छत्राखालीं नोकरीस लागले. ही कंपनी ओडेसा येथें जन्मलेल्या मायकेल कोगन नामक व्यापाऱ्यानें १९५३ सालीं टोकियोंत स्थापिली होती. नाणें टाकून चालणारीं यंत्रें हा तिचा एक धंदा होता. त्या वेळचीं खेळयंत्रें म्हणजे विजेवर चालणाऱ्या कळसूत्री बाहुल्याच म्हणा ना! १९७१ सालच्या 'स्काय फायटर' या यंत्रांत निशिकाडो यांनीं विमानांच्या लहान प्रतिकृति आरशांच्या साहाय्यानें आकाशाच्या देखाव्यावर उमटविल्या होत्या. पडद्यावर चालणाऱ्या खेळाचा तेथें संबंध नव्हता; होते ते आरसे, चाकें आणि तारा.

इतक्यांत अमेरिकेंत १९७२ सालीं 'पाँग' हा खेळ निघाला. पडद्यावर दोन फळ्या व एक ठिपका, एवढाच त्याचा संसार. निशिकाडो यांनीं त्याची जुळणी नीट अभ्यासिली आणि पुढील वर्षीं त्याच धर्तीचा तैतोचा खेळ उभा राहिला. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. त्या काळच्या या यंत्रांत संगणक नव्हता. खेळाचा प्रत्येक नियम तारांच्या व सूक्ष्म मंडलांच्या जुळणींतच बांधलेला असे. नियम बदलावयाचा, तर जुळणीच बदलावी लागे. अशाच पद्धतीनें त्यांनीं १९७४ सालीं 'स्पीड रेस' हा मोटार-शर्यतीचा खेळ रचला. त्यांत खेळणाऱ्याच्या हातीं खरोखरीचें सुकाणूचाक असे, व रस्ता पडद्यावरून खालीं खालीं सरकत जाई.

१९७५ सालीं त्यांनीं दोन बंदूकधाऱ्यांच्या द्वंद्वाचा 'वेस्टर्न गन' हा खेळ केला. तो एका अमेरिकन कंपनीनें आपल्या देशांत नेला. परंतु नेतांना त्याची आंतील रचना सर्वस्वीं बदलली आणि त्यांत मायक्रोप्रोसेसर, म्हणजे बोटाएवढ्या चकतींत सामावलेलें गणितयंत्र, बसविलें. ती आवृत्ति निशिकाडो यांनीं पाहिली. मौजेच्या दृष्टीनें आपलाच खेळ सरस आहे असें त्यांना वाटलें. परंतु चित्रांची सफाई अमेरिकन यंत्राची अधिक, हेंहि त्यांनीं मान्य केलें. दुसऱ्याच्या हातून आपलीच कृति सुधारून आली, कीं मनुष्य एक तर रुसतो, नाहीं तर शिकूं लागतो. निशिकाडो शिकूं लागले.

या नव्या साधनावर खेळ रचण्यास लागणारीं उपकरणें त्यांच्यापाशीं तयार नव्हतीं. तीं त्यांनीं स्वतः बनविलीं. आज्ञावली लिहिणें, आकृति रेखाटणें, यंत्राची जुळणी, नियमांची आंखणी, हें बहुतेक सर्व काम एकट्याच्या अंगावर होतें, आणि त्याला सुमारें एक वर्ष लागलें. मूळ प्रेरणा होती 'ब्रेकआउट' या अमेरिकन खेळाची. त्यांत चेंडूनें विटांची भिंत एकेक वीट करून फोडावयाची असते, आणि शेवटची वीट फुटेपर्यंत खेळणाऱ्याला उठवत नाहीं. निशिकाडो यांनीं विचार केला, या विटाच जर हालूं लागल्या आणि उलट मारा करूं लागल्या तर?

मारा कोणावर करावयाचा, हा पुढचा प्रश्न. रणगाडे पाहिले, विमानें पाहिलीं. पण विमानांची गति पडद्यावर सफाईनें उतरेना. माणसांच्या आकृति मात्र चांगल्या चालत. तथापि माणसांना गोळ्या घालण्याचा खेळ करावयाचा नाहीं, असा निर्णय झाला. कंपनीच्या प्रमुखांचेंहि मत तसेंच होतें. तेव्हां निशिकाडो यांना एच. जी. वेल्स यांच्या कादंबरींतील मंगळावरचे अष्टपादासारखे जीव आठवले, आणि समुद्रांतील प्राणी आकाशांत चढले. ज्या खेळानें पुढें नेमबाजीच्या खेळांची एक परंपराच निर्माण केली, त्याचा पाया मनुष्यावर नेम न धरण्याच्या निश्चयावर घातलेला आहे, ही गोष्ट आज विशेष स्मरणांत ठेवण्यासारखी आहे.

आतां त्या साधनाच्या तोकडेपणाची गोष्ट. ओळी पांच, प्रत्येकींत अकरा, असे एकूण ५५ आक्रमक. आंतील प्रोसेसर इतका मंद, कीं पडद्यावरचें चित्र एका सेकंदांत ६० वेळां नवें होत असलें, तरी प्रत्येक वेळीं त्याला एकाच आक्रमकाला हालवितां येई. म्हणजे सगळी सेना एक पाऊल पुढें सरकण्यास जवळ जवळ एक सेकंद लागे. परंतु आक्रमक पडूं लागले, कीं उरलेल्यांची पाळी लवकर लवकर येई. तीस उरले, तर अर्ध्या सेकंदांत एक पाऊल; आणि शेवटचा एकटाच उरला, म्हणजे तो पडद्यावरून अक्षरशः धांवत सुटे! यंत्राचें ओझें हलकें झालें, एवढाच याचा अर्थ. दुसऱ्या एखाद्यानें हा दोष मानून गति एकसारखी करण्याची खटपट केली असती. निशिकाडो यांनीं ती तशीच राहूं दिली. विजय जवळ यावा आणि त्याच वेळीं संकट वाढावें, हा या खेळाचा प्राण होऊन बसला. सेनेच्या पावलांबरोबर वाजणारे चार मंद्र स्वरहि पावलांसवें जलद होत, आणि ऐकणाऱ्याच्या छातीची धडधड त्यांच्याशीं ताल धरी.

आरंभीं धंद्यांतील लोकांनीं या यंत्राचें विशेष स्वागत केलें नाहीं. नवख्याचा खेळ फार लवकर आटोपतो, अशी त्यांची तक्रार होती. परंतु लोकांनीं निराळा कौल दिला. थोड्याच महिन्यांत जपानांतील कॉफीगृहांच्या मेजांत हीं यंत्रें बसलीं, आणि केवळ याच खेळासाठीं उघडलेलीं 'इन्व्हेडर गृहें' शहरोशहरीं दिसूं लागलीं. शंभर येनच्या नाण्यांचा देशांत तुटवडा पडला, अशीहि एक आख्यायिका पसरली; ती गोड असली तरी तिला आधार नाहीं. खेळणारेहि कांहीं कमी चतुर नव्हते. शत्रु अगदीं खालच्या ओळीवर आला म्हणजे त्याची गोळी तोफेस लागत नाहीं, हें यंत्रांतील व्यंग त्यांनीं हुडकून काढलें, आणि त्या युक्तीला नागोया शहराचें नांव मिळालें. उलट, स्वतः निशिकाडो या खेळांत फारसे निष्णात नव्हते, असें त्यांनींच पुढें सांगितलें आहे.

१९८० सालीं अमेरिकेंतील 'अटारी' कंपनीनें हा खेळ घरगुती यंत्रावर आणला, आणि जो खेळ बाजारांत उभें राहून खेळावयाचा तो घराच्या बैठकींत शिरला. जगभर खेळाचें नांव झालें. कर्त्याचें झालें नाहीं. त्या काळीं अशा यंत्रावर कंपनीचें नांव असे, रचनाकाराचें नसे. निशिकाडो यांना बढती मिळाली, आणि बढतीबरोबर, जसें पुष्कळदां घडतें तसें, स्वतःच्या हातानें काम करण्याची संधि कमी झाली. १९९६ सालीं त्यांनीं तैतो सोडून 'ड्रीम्स' नांवाची स्वतःची संस्था काढली. आणि पुढें, २०१३ सालीं, तांत्रिक सल्लागार म्हणून ते पुनः जुन्या कंपनींत आले. तोंपर्यंत त्यांचें नांव शोधून काढणारे व त्यांच्या तोंडून हकीकत ऐकणारे जिज्ञासु निर्माण झाले होते.

श्रोतेहो, आपल्या घरांतील मूल एखादें खेळयंत्र हातीं घेऊन बसलेलें दिसलें, म्हणजे आपण बहुधा एवढेंच विचारतों, कीं हें आटोपणार केव्हां? यापुढें आणखी एक प्रश्न विचारून पाहावा: हें केलें कोणीं? मुलाला उत्तर ठाऊक नसेल, आपणांसहि नसेल. परंतु त्या पडद्यामागें कोणी तरी वर्षभर मान मोडून बसलेला होता, काय दाखवावें आणि काय दाखवूं नये याचा त्यानें विचार केला होता, हें एकदां मुलाच्या ध्यानांत आलें, म्हणजे तें त्या खेळाकडे थोड्या निराळ्या डोळ्यांनीं पाहूं लागेल.