वीतभर भिंत, शंभर मीटर उंची

भुसावळहून वरणगावकडे निघालं, की दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राचे कमरेत बारीक झालेले अवाढव्य मनोरे नजरेत भरतात. त्यांच्या तोंडातून निघणारे पांढरे ढग पाहून गाडीतलं कुणीतरी हमखास प्रदूषणाचा विषय काढतं. पण तो धूर नव्हे, पाण्याची वाफ. कोळशाचा धूर जातो तो शेजारच्या उंच, सडपातळ चिमणीतून. मनोऱ्याचं काम तापलेलं पाणी गार करून परत संचाकडे धाडायचं. बुडाशी तिरप्या खांबांच्या फटींतून गार हवा आत शिरते, वरून पडणाऱ्या गरम पाण्याला भिडून तापते, हलकी होते आणि आपसूक वर चढते. हवा ओढायला पंखा लागत नाही.

खरं नवल मात्र त्या भिंतीचं आहे. 500 मेगावॉटच्या संचांसाठी बांधले जाणारे असे मनोरे साधारणपणे शंभर मीटरहून बरेच उंच असतात आणि बुडाशी त्यांचा व्यासही शंभर मीटरच्या आसपास जातो. मधल्या भागात भिंतीची जाडी मात्र सुमारे 20 सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर. आत मजले नाहीत, आडवे बीम नाहीत, टेकू नाही. अभियंते अशा बांधकामाला शेल म्हणतात, मराठीत कवच.

हे कवच उभं कशाच्या बळावर राहतं? मांडे भाजायचं खापर आठवा. चुलीवर पालथं घातलेलं ते मातीचं पातळ भांडं जाळ सोसतं, वर पडणारा पोळीचा भार सोसतं. तेवढ्याच जाडीची मातीची सपाट फरशी दोन विटांवर ठेवली, तर ती पहिल्या धक्क्याला मधोमध तडकेल. सपाट स्लॅब वजन पेलताना वाकतो. त्याचा वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मधला जवळपास आयता बसून राहतो. वक्र कवचात वजन पृष्ठभागाच्या अंगाअंगाने सरकत जातं, आणि त्याची सगळीच्या सगळी जाडी कामाला लागते.

आपल्या मुलखाला घुमट नवे नाहीत. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याची ही पहिली राजधानी. 1399 साली वारलेला मलिक राजा इथेच पुरला गेला. थाळनेरच्या मकबऱ्यांमधला एक अष्टकोनी आहे, त्यावरचं नक्षीकाम पाहण्यासारखं आहे. पण इथे आपल्याला नक्षीपेक्षा भिंतींची जाडी महत्त्वाची. अर्धगोल घुमटाच्या माथ्याकडचा भाग स्वतःच्या वजनाने सगळीकडून दाबला जातो. माथ्यापासून सुमारे 52 अंश खाली आलं, की चित्र पालटतं: तिथून खाली घुमटाचा घेर बाहेर फाकू पाहतो आणि कड्याच्या दिशेने ताण येतो. दगड-विटांना दाब चालतो, ताण चालत नाही. म्हणून जुने कारागीर बुडाशी भिंती जाडजूड करत. विजापूरच्या गोल घुमटाचं कवच बुडाशी सुमारे 3 मीटर जाड आहे. त्यांच्याकडे समीकरणं नव्हती, अंदाज मात्र पक्का होता. पोलादाची सळई हाती आल्यावर हा ताण तिच्यावर सोपवता आला आणि जाडी मीटरांवरून सेंटीमीटरांवर उतरली.

इथून पुढे प्रकरण अवघड होतं. इंग्लंडच्या ऑगस्टस लव्ह यांनी 1888 साली पातळ कवचांचा सिद्धांत मांडला. पुढे पातळ नळकांडी दाबून पाहिली, तेव्हा ती गणिताने सांगितलेल्या भाराच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावरच चुरमडायची. गणितात चूक सापडेना, प्रयोगातही सापडेना. कोडं सोडवलं वॉर्नर कोइटर या डच संशोधकाने, 1945 सालच्या आपल्या प्रबंधात. आकारात भिंतीच्या जाडीएवढा किंवा त्याहूनही कमी पोचा असला, तरी पातळ कवचाची ताकद कोसळते, हे त्याने दाखवलं. प्रबंध डच भाषेत असल्यामुळे बाकीच्या जगाला त्याची किंमत कळायला बरीच वर्षं गेली. कवचाची ताकद त्याच्या आकारात असते, म्हणून आकार बिघडला की नुसतं सिमेंट वाढवून भागत नाही.

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात हा सिद्धांत शेतकऱ्याला वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. पीव्हीसी पाइप हेही कवचच. 4 किलोचा पाइप म्हणजे आतून दर चौरस सेंटीमीटरला 4 किलो दाब सोसणारा. पण उतारावरच्या लाइनीत पंप अचानक बंद पडला, तर पाणी खाली धावतं, मागे निर्वात पोकळी होते आणि बाहेरची हवा पाइपाला चेपू लागते. हवेचा दाब फार तर 1 किलो. तरी पाइप चपटा होतो, कारण आतून फुगणं आणि बाहेरून चेपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेपण्याला होणारा विरोध जाडी आणि व्यास यांच्या गुणोत्तराच्या घनावर ठरतो: जाडी निम्मी केली, तर ताकद आठव्या हिश्शावर येते. हिशेब मांडून पाहिला, तर 4 किलोच्या पाइपाची बाहेरून दाब सोसायची ताकद 1 किलोच्याही खाली भरते. त्यात मे महिन्याच्या उन्हाने पीव्हीसी मऊ पडलेलं असतं, पाइप ढिगाऱ्यात दबून थोडा लंबगोल झालेला असतो. लाइनीवर एअर वॉल्व्ह लावा म्हणून दुकानदार सांगतो, तो केवळ जास्तीचा माल खपवण्यासाठी नव्हे.

काँक्रीटच्या मनोऱ्यांना हा धडा महागात मिळाला. 1 नोव्हेंबर 1965 रोजी इंग्लंडमधल्या फेरीब्रिज वीज केंद्रातले आठांपैकी तीन मनोरे वाऱ्याने पडले. प्रत्येकाची उंची सुमारे 114 मीटर. पडले ते वाऱ्याच्या आडोशाला उभे असलेले मागच्या ओळीतले! पुढच्या मनोऱ्यांना वळसा घालून आलेला वारा तिथे घुसमटून झोत मारत होता. आराखडा करताना मात्र मनोरा एकटा उभा आहे असं धरलं होतं, आणि वाऱ्याचा वेगही सरासरीचा घेतला होता, झटक्यांचा नव्हे. पुढे 1973 साली स्कॉटलंडमध्ये आर्डीरचा मनोरा पडला, तोही साध्याच वाऱ्यात. तिथे दोष निघाला बांधताना आकारात राहिलेल्या बाकाचा. या दोन घटनांनंतर संशोधनाला जोर चढला: वाऱ्याच्या बोगद्यात मनोऱ्यांच्या समूहांच्या प्रतिकृती ठेवून चाचण्या झाल्या, भिंतीत सळईची एक जाळी होती तिथे दोन आल्या. आपल्याकडे अशा मनोऱ्यांसाठी भारतीय मानक 11504 आलं ते 1985 साली.

भारतीय संशोधनात एक नाव आवर्जून घ्यावं असं, जी. एस. रामस्वामी यांचं. रुरकीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग रिसर्च सेंटरचे ते संस्थापक संचालक. पोलाद दुर्मीळ असलेल्या त्या काळात त्यांनी चौकटीवर कापड सैल सोडून, त्याला आलेला झोळ घट्ट करून उलटा करायचा, ही जुनी कल्पना छताच्या कामाला लावली. लोंबताना ज्यात नुसता ताण असतो, त्या आकारात उलटल्यावर नुसता दाब उरतो, मग सळई नावापुरती पुरते. छपरांची ही तऱ्हा पुढे मागे पडली. वक्र सेंटरिंग करणारा सुतार महागला आणि पत्रा स्वस्त झाला, एवढं साधं कारण त्याला पुरलं.

मात्र एक कवच गावोगावी टिकलं: पाण्याची टाकी. वर घुमट, मध्ये नळकांडं, खाली आत निमुळता होत जाणारा शंकू, आणि बाहेरून न दिसणारा, तळातून पाण्यात वर फुगलेला दुसरा घुमट. ही रचना जर्मनीतल्या आखेनचे प्राध्यापक ऑटो इंत्झे यांची, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. पाण्याच्या भाराने तळाचा घुमट, तो आणि शंकू जिथे मिळतात तिथल्या गोल रिंग बीमला बाहेर रेटतो, शंकू त्याच बीमला आत रेटतो. मापं नीट बसवली, तर दोन्ही रेटे जवळपास फिटतात आणि खांबांवर उरतो तो फक्त सरळ खाली जाणारा भार. इतकं देखणं गणित गावाच्या वेशीवर उभं असतं, आणि आपण त्याकडे पाहतो ते फक्त पाणी आलं नाही म्हणजे.

या टाक्या म्हाताऱ्या होताहेत. क्लोरीनमिश्रित दमट हवा माथ्याच्या घुमटाला आतून खाते; सळई गंजते, फुगते, काँक्रीटचे पोपडे पडतात. 2001 च्या भुज भूकंपात अनेक उंच टाक्यांचं कवच शाबूत राहिलं, पण त्यांना धरणाऱ्या पोकळ, पातळ भिंतीच्या गोल बुंध्याला बुडाशी आडव्या भेगा गेल्या. तापी खोऱ्यातून भ्रंशरेषा जातात, तेव्हा हा अनुभव आपल्याही कामाचा आहे.

आणि इथेच माझी तक्रार आहे. कवचांवरचं आपल्याकडचं बरंच महाविद्यालयीन संशोधन संगणकाच्या पडद्यावरच होतं. बळ्ळारीच्या औष्णिक केंद्रातल्या 143.5 मीटरच्या मनोऱ्याची मापं किती शोधनिबंधांत पुन्हा पुन्हा येतात! आकार आखीव, जाडी कागदावरची, वारा मानकातला. कोइटरने शिकवलेली गोष्ट, म्हणजे प्रत्यक्ष आकारातला बाक, त्यात कुठून येणार? जळगाव, बांभोरी, फैजपूर, धुळे, शिरपूर इथे अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, आणि त्यांच्या भोवती शेकडो टाक्या. घुमटाची उंची, भिंतीचा गोलावा, बुंध्याचा कल मोजायला टोटल स्टेशन पुरतं, काँक्रीटचा जोर अजमावायला रिबाउंड हॅमर. यातून एकेका टाकीचं खरं मोजमाप उभं राहील आणि ग्रामपंचायतीला दुरुस्तीचा कागदही मिळेल. पुढच्या सत्राचे प्रकल्प ठरवताना प्राध्यापकांनी प्रत्येक गटाला आपल्या गावची टाकी द्यावी, आणि सरपंचांनी तिच्या शिडीची किल्ली त्यांना द्यावी.