'रोड टू पर्डिशन' : पितृत्व, हिंसा आणि वारसा

प्रास्ताविक :
गुन्हेगारी टोळ्यांवरील चित्रपटांत सत्तेचा उदय आणि अस्त हा विषय प्रामुख्याने आढळतो. सॅम मेंडेस दिग्दर्शित 'रोड टू पर्डिशन' (२००२) हा अमेरिकी चित्रपट मात्र निराळा प्रश्न उपस्थित करतो : पित्याची हिंसा पुत्राकडे वारशाने जाणे अटळ आहे काय? मॅक्स ॲलन कॉलिन्स लिखित, रिचर्ड पियर्स रेनर यांची चित्रे असलेल्या १९९८ च्या चित्रकादंबरीवर तो आधारलेला आहे. कथा १९३१ च्या हिवाळ्यात, दारूबंदी व महामंदीच्या काळात इलिनॉय राज्यात घडते. यातील टोळीप्रमुख जॉन रूनी हे पात्र रॉक आयलंड येथील जॉन लूनी या खऱ्याखुऱ्या टोळीप्रमुखावर बेतलेले आहे. लूनीचा मुलगा कॉनर १९२२ मध्ये गोळीबारात मारला गेला होता.

पिता-पुत्रांच्या जोड्या :
रूनीने (पॉल न्यूमन) अनाथ मायकेल सलिव्हनला (टॉम हँक्स) पुत्रवत वाढविले व आपला मारेकरी बनविले. सलिव्हनच्या थोरल्या मुलाने एक खून पाहिल्यावर रूनीचा औरस पुत्र कॉनर सलिव्हनच्या पत्नीची व धाकट्या मुलाची हत्या करतो. येथून मानलेला पुत्र व रक्ताचा पुत्र यांपैकी एकाची निवड रूनीला करावी लागते. कॉनर आपलेच पैसे चोरतो हे ठाऊक असूनही तो त्यालाच पाठीशी घालतो. रूनी मुलाला त्याच्या कृत्यांच्या परिणामांपासून वाचवितो, तर सलिव्हन मुलाला स्वतःच्या मार्गापासून वाचवू पाहतो. दोघांच्या वात्सल्यातील हा भेद चित्रपटाचा गाभा होय. परंतु सलिव्हनची कोंडी अशी की, मुलाला जगविण्यासाठी त्याला मोटार चालविण्यास शिकवून बँकांवरील दरोड्यांत सोबत न्यावे लागते.

दृश्यभाषा :
छायाचित्रकार कॉनरॅड हॉल यांना या चित्रपटासाठी २००३ मध्ये मरणोत्तर ऑस्कर पुरस्कार मिळाला. पावसातील हत्याकांडात बंदुकीचा आवाज वगळून केवळ संगीत ठेवले आहे. कॉनरचा मृतदेह आरशातील प्रतिबिंबात क्षणभरच दिसतो. हिंसेचा थरार असा वजा केल्याने प्रेक्षकाचे लक्ष ती करणाऱ्याच्या चेहऱ्याकडे वळते.

शेवटाचा अर्थ :
पर्डिशन हे सरोवरकाठच्या गावाचे नाव आहे. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ चिरंतन नरकवास असाही होतो. तेथे पित्यावर गोळ्या झाडणाऱ्या मारेकऱ्यावर मुलगा पिस्तूल रोखतो, पण चाप ओढू शकत नाही. मरणोन्मुख पिता स्वतःच त्या मारेकऱ्यावर गोळी झाडतो. मुलाच्या हातून खून घडत नाही, हेच त्याचे समाधान ठरते. पुढे एका वृद्ध शेतकरी दांपत्याकडे मुलगा वाढतो.

समारोप :
चित्रपटाला मर्यादाही आहेत. सलिव्हनच्या पत्नीला स्वतंत्र आवाज जवळजवळ नाही. तिचा मृत्यू कथेला गती देण्यापुरताच उरतो. तसेच, मुलाच्या मुक्तीची किंमत अखेर आणखी एका हत्येनेच चुकती होते, ही विसंगती चित्रपट सोडवीत नाही. तथापि वारसा हा केवळ रक्ताने ठरत नसून, पुत्राने काय नाकारले यावरही ठरतो, हे त्याने समर्थपणे मांडले आहे. साहित्य, समाजशास्त्र व नीतिशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना तो म्हणूनच विचारार्ह वाटावा.