ऊस वाहतूक : ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी परवाना आणि वजनमर्यादा

गळीत हंगाम सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो, ‘ट्रॉलीत दहा टन ऊस आहे, मग हेवी लायसन्स लागेल का?’ यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

परवाना ठरतो ट्रॅक्टरच्या रिकाम्या वजनावर. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार 7,500 किलोपर्यंत रिकामे वजन असलेला ट्रॅक्टर हलके मोटार वाहन (एलएमव्ही) धरला जातो. आपल्याकडचे शेतीचे ट्रॅक्टर याच्या बरेच खाली आहेत. ट्रॅक्टरचा वैध परवाना ट्रॉली जोडल्याने निरुपयोगी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच स्पष्ट केले. एलएमव्ही परवान्यावर 7,500 किलोपर्यंतचे वाहतूक वाहनही चालवता येते, हे नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाने कायम केले. मात्र विनापरवाना चालकाच्या हाती ट्रॅक्टर दिल्यास मालकही दंडास पात्र असतो. अल्पवयीन मुलाने चालवल्यास पालक किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शाळकरी पोराला ‘फडातून रस्त्यापर्यंतच’ म्हणून बसवणे परवडणारे नाही.

भार मात्र ट्रॉलीच्या आरसी बुकवर ठरतो. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते. समजा, नोंदलेले भरलेले वजन 7,000 किलो आणि रिकामे 1,800 किलो आहे, तर ऊस 5,200 किलोच भरता येतो. दोन ट्रॉल्या असतील तर हिशेब प्रत्येकीचा वेगळा. कलम 194 नुसार जादा भारासाठी 20,000 रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जात नाही आणि उतरवण्याचा खर्चही आपलाच.

फडात वजनकाटा नसतो, म्हणून मागच्या खेपेची काटा पावती पाहून किती थरांना किती टन बसला ते मुकादमाला सांगून ठेवावे. जाड, ताजा ऊस तेवढ्याच उंचीत जास्त भरतो.

विमा पॉलिसीत ट्रॉलीचा उल्लेख आणि भाड्याच्या वाहतुकीची परवानगी आहे का, हे कारखान्याशी करार करण्यापूर्वी पाहावे. उसावर बसलेल्या मजुरांचे संरक्षण त्यात धरू नये.

बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते आणि आडवी फिरते. त्यामुळे उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडलेली असावीत आणि हुकाची पिन झिजली असेल तर त्याच दिवशी बदलावी.