सातारा-सांगलीत धावपट्टी आहे, मग विमान का नाही?

कराडची धावपट्टी 1955 मध्ये कोयना प्रकल्पासाठी बांधली गेली. लांबी सुमारे 1,280 मीटर. सत्तर प्रवाशांचं एटीआर विमान पूर्ण भरून उडवायला साधारण 1,300 मीटर लागतात, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणून तिथे छोटी विमानं आणि हेलिकॉप्टरच उतरतात. सांगलीजवळची कवलापूरची जुनी धावपट्टी तर वापरातच नाही.

त्यामुळे इथले अनेक प्रवासी कोल्हापूर गाठतात. उजळाईवाडीचा तिथला विमानतळ 1939 मधला, राजाराम महाराजांच्या काळातला. 2018 मध्ये उडान योजनेतून तिथे प्रवासी विमानसेवा पुन्हा सुरू झाली. नंतर धावपट्टी 1,930 मीटरपर्यंत वाढवली.

कराडलाही हे जमेल, पण त्यासाठी जमीन हवी. ती आहे शेतकऱ्यांची, आणि त्यांचा विरोध आहे. घोडं अडलंय ते तिथेच.